कप्तानाच्या मागची मारिनेत

मारिनेत लाफेसचा आवाज कसा आहे हे व्हेर्नाकमधल्या निम्म्या लोकांना तिची साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. अक्रोडाच्या घाण्यावर तिने एकतीस वर्षं गर निवडला. शेजारच्या बायका गावातल्या एकेकीची पिसं काढायच्या, आणि ही आपली मान खाली घालून गर एकीकडे, टरफल एकीकडे करत राहायची. घाण्याचा मालक म्हणायचा, मारिनेतला देवाने शब्द मोजूनमापून दिलेत आणि ती ते म्हातारपणासाठी राखून ठेवतेय. थट्टेत बोललेलं कधीकधी खरं होतं. चौसष्टाव्या वर्षी बाईला कंठ फुटला, आणि तोही कुठे, तर सायकलवर.

दर रविवारी सकाळी गावचा सायकल क्लब चर्चपुढून निघायचा. सगळ्यांत पुढे तिचा नवरा एली आणि त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर मारिनेत. निघाल्यापासून परत येईपर्यंत तिच्या तोंडाची टकळी सुरू. "देल्मासने बघ डाव्या अंगाला पुन्हा खडी ओतून ठेवलीय, बापाचा रस्ता असल्यासारखी. हा खड्डा मागच्या रविवारी एवढा नव्हता, उजवीकडचा. दूधवाला येतोय समोरून, आणि मधोमध येतोय मेला." मागची माणसं हसायची. क्लबचा अध्यक्ष रुमेगू हा जन्मभर खाटकाचं दुकान चालवलेला गडी, जिभेला हाड नाही. तो मागून ओरडायचा, "एली, चाकांना ब्रेक नसले तरी चालतील, बायकोच्या तोंडाला तेवढा बसवून घे."

एली हसायचा. मारिनेतही हसायची. हसतानासुद्धा तिची नजर रस्त्यावरून हलत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे तिच्या मागे असायचे.

एलीला दिसत नव्हतं.

अगदी काळोख नव्हता. कडेचं दिसायचं: कुंपणं, झाडांचे शेंडे, बाजूने सरकणारी भिंत. पण जिथे नजर रोखावी नेमकं तिथेच काही नसायचं, एक करडा डाग, आणि तो दर हिवाळ्यात वाढत होता. समोर उभ्या माणसाचे खांदे दिसायचे, टोपीची कड दिसायची, चेहरा मात्र पुसून टाकलेला. पेरिग्यूच्या डोळ्यांच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की मोटारीचा नाद आता सोडायचा. एलीने मोटार भाच्याला दिली आणि गावाला सांगितलं की गाडीत बसून पाठ धरते. सायकलबद्दल डॉक्टरने विचारलं नाही. एलीनेही सांगितलं नाही.

आता कोणी म्हणेल, ज्याला दिसत नाही तो सगळ्यांच्या पुढे कसा? तर त्याला पुढेच सगळ्यांत सोपं होतं. आमच्या क्लबाची रीतच तशी आहे. पुढे एकटा कप्तान, मागे दोन-दोनच्या जोड्या, उतार लागला की एकामागे एक. कप्तान ठरवेल तो वेग, सपाटीवर ताशी साडेबावीस, एक काटा वर नाही की खाली नाही. कप्तान हात खाली करून डावीकडे दाखवील तर डावीकडे खड्डा, पाठीमागे हात हलवील तर पुढे अडथळा, आणि तोच हात रांगेच्या शेपटापर्यंत एकेक जण पुढे देत जाणार. मागच्यांनी रस्ता बघायचाच नाही, कप्तानाची पाठ बघायची. आणि काहीही झालं तरी त्याला ओलांडायचं नाही. जो ओलांडील त्याच्यामुळे कप्तान सगळी रांग थांबवतो, हात पुढे करतो, त्या माणसाचं शिक्क्याचं कार्ड मागून घेतो आणि सगळ्यांदेखत फाडतो. पन्नास वर्षांत असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी सरपंचाचा मेहुणा होता, आणि कार्ड फाडणारा एलीच होता. मेहुणा पुन्हा कधी क्लबात फिरकला नाही, आणि एलीबद्दलचा आदर मात्र दुप्पट झाला.

त्यामुळे एलीचा चेहरा चालू सायकलवर कोणी बघत नव्हतं. पाठ दिसायची, आणि पाठीला डोळे नसले तरी चालतं.

बरं, रस्ते त्याला पाठ होते ही काही बढाई नव्हती. अडतीस वर्षं तो रस्त्यांची देखभाल करणारा कामगार होता. कडेचं गवत कापलं, चर उपसले, बर्फात मीठ टाकलं, उन्हाळ्यात डांबर ओतलं. पंचक्रोशीतलं कुठलं वळण कुठे कलतं हे तो बसल्याजागी सांगायचा. "रस्ता डोळ्यांनी नाही, बुडाने ओळखायचा," असं तो नव्या पोरांना शिकवायचा, आणि ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं मारिनेत बोलत होती. कारण रस्ता काही एलीसाठी थांबून राहत नाही. दर वसंतात कुठे नवा खांब येतो, कुठे गतिरोधक, कुठे कोणाचा ट्रॅक्टर.

तिने त्याला शब्द दिला होता. त्याची आई अशीच आंधळी झाली, आणि शेकोटीजवळच्या वेताच्या खुर्चीत चौदा वर्षं बसून राहिली. लोक यायचे, तिच्याशी मोठ्याने बोलायचे, जशी ती बहिरीही झाली होती, आणि जाताना तिच्यादेखत सुनेला विचारायचे, म्हातारीचं कसं काय. पेरिग्यूहून परतताना बसमध्ये एली म्हणाला होता, "मारिनेत, मला त्या खुर्चीत बसवू नकोस. कोणाला सांगू नकोस." आयुष्यात त्याने तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही सांगणार." आणि पुढच्या रविवारपासून ती बोलायला लागली.

शब्द देणं सोपं होतं. पण त्याच्या मागे तेवीस माणसं येत होती आणि त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. हे मारिनेतला कळत होतं, आणि रात्री कूस बदलताना जास्त कळत होतं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी क्लबाची मोठी फेरी असते, पाच शिक्क्यांची. एकशेतीस किलोमीटर, चढउतारांचा मुलूख, आणि पाच जुन्या जागा: सॅं-कॅप्रेचं छोटं दगडी चर्च, मोंतगियारचा कमानींचा चौक, रोक-एस्पिनचा किल्ला, सॅं-ओमांचा मठ आणि शेवटी सेरन नदीवरचा जुना पूल, जिथून गाव सहा किलोमीटर राहतं. प्रत्येक ठिकाणच्या उपाहारगृहात किंवा दुकानात कार्डावर शिक्का घ्यायचा. पाचही शिक्के असतील तरच फेरी झाली.

त्या दिवशी सकाळी मारिनेत उठली आणि "कॉफी ठेवू का" म्हणायला गेली तर गळ्यातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला.

एली बूट घालत होता. त्याचे हात थांबले.

"आवाज बसलाय तुझा."

"मोकळा होईल. गरम दूध घेते." तिने मध घालून दूध घेतलं. मग आलुबुखाराच्या दारूने गुळण्या केल्या. मग पुन्हा बोलून बघितलं. दर वेळी आवाज आधीपेक्षा बारीक.

"एली, आज रुमेगूला पुढे जाऊ दे. म्हण पाठ धरलीय."

"मोठ्या फेरीला?"

"मोठी फेरी आहे म्हणूनच म्हणतेय."

"बावीस वर्षांत मोठ्या फेरीला कप्तान बदललाय कधी? लगेच विचारतील. रुमेगू तर दुपारपर्यंत सगळं काढून घेईल, तुला माहितेय तो." तो बुटांच्या नाड्यांची गाठ बोटांनी चाचपत म्हणाला, "ही शेवटची. हिच्यानंतर मीच सांगतो सगळ्यांना. शपथ."

ऑक्टोबरच्या फेरीच्या आदल्या दिवशीही त्याने हेच शब्द वापरले होते. मारिनेतने ते बोलून दाखवलं नाही. आवाज राखून ठेवायला हवा होता.

सॅं-कॅप्रेपर्यंत ठीक गेलं. सकाळची वेळ, रस्ते रिकामे, आणि ती फक्त गरजेचं बोलली. "डावी." "खडी." "कुत्रा." मागून रुमेगू म्हणाला, "आज काय झालं? बाईंनी गावाला सुट्टी दिलेली दिसते." सगळे हसले. तिने हात वर करून गळ्याकडे दाखवलं. "देव आहे," रुमेगू म्हणाला. "मी नव्हतो मानत, आजपासून मानतो."

चर्चच्या कमानीखाली सगळ्यांनी पाणी प्यायलं. कमानीवर कोरलेल्या नरकाच्या देखाव्याकडे बघत क्लेमॉंस सफरचंद खात होती. ती गावातल्या शाळेची नवी शिक्षिका, तिशीची, क्लबात येऊन तिला सहाच महिने झाले होते. ती मारिनेतच्या मागच्या जोडीत असायची. "गोळी देऊ का घशाची?" तिने विचारलं आणि देताना जरा जास्त वेळ मारिनेतकडे बघितलं. मारिनेतने गोळी घेतली आणि तोंड फिरवलं.

मोंतगियारच्या वेशीत ते घडलं. वेशीच्या कमानीतून आत शिरलं की लगेच डावीकडे वळण आहे. या हिवाळ्यात तिथे मोटारी अडवायला कंबरेएवढा लोखंडी खांब रोवला होता, रस्त्याच्या ऐन मध्यावर. मारिनेतला तो दिसला. तिने "खांब" म्हटलं. म्हणजे ओठ तसे हलले. आवाज आलाच नाही, मग खोकला आला, आणि खोकल्यानंतर कसाबसा शब्द निघाला तेव्हा एलीचं हँडल खांबापासून वीतभरावरून गेलेलं होतं. त्याला स्वतःला कळलंही नाही. मारिनेत वळली, मागे क्लेमॉंसने करकचून ब्रेक दाबला, तिच्या मागचे दोघे एकमेकांवर घसरले. कोणी पडलं नाही. एकाचं कोपर भिंतीला खरचटलं.

चौकात उतरल्यावर रुमेगू पुढे आला. या वेळी तो हसत नव्हता.

"कप्तान, हात विसरलास."

"कमानीत कोण हात दाखवतं? कमानीत हळू यायचं असतं. सांगायला लागतं का तुम्हाला?"

"खांब होता, एली."

"माहितेय मला खांब होता," एली म्हणाला. "आंधळा आहे का मी?"

चौकातल्या कमानींखाली त्याचा आवाज घुमला. रुमेगू खांदे उडवून निघून गेला. एली सायकल भिंतीला टेकवायला वळला आणि त्याचा हात भिंतीचा दगड शोधत दोनदा हवेत गेला. मारिनेतने सायकल धरली. क्लेमॉंस आपली सायकल धरून उभी होती. सगळं बघत होती.

जेवण रोक-एस्पिनच्या किल्ल्याखाली. लांब बाकावर सूप, मग बदक, मग अक्रोडाचा केक. सूप संपत आलं की आमच्याकडे थाळीत उरलेल्या घोटभरात लाल वाइन ओततात आणि थाळी तोंडाला लावून पितात. एलीने वाइन ओतली ती निम्मी थाळीबाहेर. "हात हलला," तो म्हणाला. बाकीच्यांना काही वाटलं नाही, सकाळपासून सत्तर किलोमीटर झाले होते. मारिनेतने पाव टेकवून टेबल पुसलं. तिच्या घशातून आता फक्त हवा येत होती.

जेवणानंतर ती त्याला किल्ल्याच्या भिंतीआड घेऊन गेली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन श्वासातच म्हणाली, "मला जमत नाही. सांगूया."

"कुजबुजतेयस तेवढं ऐकू येतं मला."

"इथे येतं. वाऱ्यात येणार नाही."

त्याने भिंतीला पाठ टेकली. खाली दरीत मळ्यांतून नांगरलेल्या जमिनीचे पट्टे दिसत होते, म्हणजे तिला दिसत होते. "पुढे नवं काही नाही," शेवटी तो म्हणाला. "मठापर्यंतचा चढ मी स्वतः डांबरलाय. मठापासून पुलापर्यंत चार किलोमीटर उतार, तिथे रस्ता कोण बदलणार? झोपेत जाईन मी."

तिने शेजारी टेकवलेल्या सायकलची घंटी हळूच वाजवून दाखवली, एकदा, दोनदा. त्याला त्याचा अर्थ कळला.

"घंटी नको. घंटी म्हणजे मागून मोटार, सगळे उजव्या कडेला दाबतात. आता नवे खेळ सुरू केले की रुमेगू विचारणार." मग तिचा हात हातात घेऊन तो हळूच म्हणाला, "दोन तास, मारिनेत. फक्त दोन तास."

त्याचा हात गार होता. तिला त्याचा राग आला, खरा राग, एकत्र राहिलेल्या बेचाळीस वर्षांत आला नव्हता असा. आणि त्याच वेळी त्याला कुठेतरी दूर घेऊन जावं असंही वाटलं, जिथे एकही रस्ता नाही अशा ठिकाणी. दोन्हींपैकी काहीच झालं नाही. रुमेगूने शिट्टी वाजवली आणि सगळे सायकलींवर बसले.

चढावर भीती नव्हती. चढावर वेग बाराचा, आणि त्या वेगाने माणूस कुठे आपटला तरी फार तर लाज जाते. मठापर्यंत पोचेस्तोवर चार वाजले. मठ म्हणजे आता अर्ध्या भिंती आणि एक छत उरलेलं सभागृह आहे, पण समोरच्या लिंडेनच्या झाडाखाली सुझोनची टपरी आहे आणि शिक्का तिच्याकडे असतो. कप्तानाने पहिल्या कार्डावर स्वतः शिक्का मारायचा अशी पद्धत आहे. एरवी ते काम मारिनेत गप्पा मारता मारता त्याच्या हातून करून घ्यायची. "इकडे मार, सुझोनची शाई वाळलीय," असं काहीतरी बोलायची. आज ती बाकावर बसून पाणी गिळण्याची खटपट करत होती. एलीने शिक्का उचलला आणि कार्डाशेजारी टेबलावर दाबला.

सुझोन हसली. "कप्तान, टेबल कुठे घेऊन जाणार आता?"

एलीही हसला. पण टेबलापाशी क्लेमॉंस उभी होती, आणि तिने न बोलता कार्ड उचलून त्याच्या हाताखाली सरकवलं, जसं शाळेत लहान मुलाचा कागद सरळ करून देतात. मग ती मारिनेतशेजारी येऊन बसली.

"मादाम," ती हळू म्हणाली, "कप्तानांना बरं नाही का?"

मारिनेतने आपलं कार्ड पालथं केलं आणि सुझोनची पेन्सिल मागून घेतली. बोलता येत नव्हतं तर लिहिता येत होतं. एलीसाठी लिहून उपयोग नव्हता, त्याला वाचता येत नव्हतं, पण या पोरीला येत होतं. चार शब्द लिहायचे आणि संपवायचं. तिने लिहिलं, 'एलीला'. पुढचा शब्द डोक्यात तयार होता. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. झाडाखालून चाचपत तो तिच्यापर्यंत आला होता. क्लबाच्या सगळ्या सारख्या निळ्या सदऱ्यांतून तो तिच्यापर्यंत कसा पोचला देव जाणे, खोकल्यावरूनच असेल.

"चला. आता उतारच आहे," एली म्हणाला. मग तिला एकटीलाच ऐकू जाईल असं, "आहेस ना मागे?"

तिने मान हलवली. ती त्याला दिसली नाही, खांद्यावरच्या हाताला कळली. तिने 'एलीला' या शब्दावर रेघ मारली आणि कार्ड खिशात टाकलं. क्लेमॉंस रेघेकडे बघत राहिली.

उतार सुरू झाला की रांग एकेरी होते. पुढे एली, मागे ती, तिच्या मागे क्लेमॉंस, मग रुमेगू आणि बाकीचे. दोन्ही बाजूंना उंच चिनार, आणि त्यांतून येणारं कलतं ऊन रस्त्यावर आडव्या पट्ट्यांनी पडलेलं: उजेड, सावली, उजेड, सावली. असल्या उन्हात त्याला कडेचंही नीट दिसत नसे, हे तिला माहीत होतं. एलीने हात हँडलच्या खाली घेतले, पाठ वाकवली आणि सायकल सोडून दिली. पस्तीस. चाळीस. तो खरोखर सुंदर चालवायचा. पहिलं वळण त्याने असं घेतलं की मागच्या कोणालाही शंका आली नसती. दुसरं वळणही. मारिनेतच्या मनात आलं, जमेलही. झोपेत जाईल म्हणाला होता, जाईलही.

तिसऱ्या वळणानंतर झाडं संपतात आणि खाली पूल दिसतो. अरुंद दगडी पूल, एका वेळी एकच मोटार जाईल एवढा. त्याच्या तोंडाशी, उजव्या अंगाला, काँक्रीटचे तीन ठोकळे होते. पांढरे, नवे, कंबरेच्या वर उंचीचे. हिवाळ्याच्या पुरात त्या बाजूचा कठडा तडकला होता आणि कोणीतरी याच आठवड्यात तेवढा भाग बंद करून टाकला होता. सूचनेची पाटी वरच्या गवतात आडवी पडलेली तिने ओलांडताना पाहिली होती आणि ती कशाची हे तेव्हा कळलं नव्हतं. रस्ता फक्त डावीकडून उघडा होता. एली उजवीकडून चालला होता, कारण अडतीस वर्षं तो उजवीकडूनच गेला होता.

तिने तोंड उघडलं. "एली." वारा तोंडात शिरला, बाहेर काही आलं नाही. पुन्हा. पोटातून जोर लावला तर गळ्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. तीनशे मीटर. मागच्यांना ठोकळे दिसत असणार. पण ते ओरडणार नव्हते. कप्तानाला आपल्याआधी दिसतं, तो आता डावीकडे घेईल, आता हात दाखवील, असंच प्रत्येक जण धरून चालला असेल. असंच धरून चालायचं त्यांना एलीनेच शिकवलं होतं.

तिचा हात आपोआप घंटीवर गेला आणि तिने ती वाजवली, एकदा, दोनदा, वाजवतच राहिली. एलीने ऐकलं. मागून मोटार येतेय असं समजून तो आणखी उजवीकडे सरकला, थेट कडेला, थेट ठोकळ्यांच्या रेषेत. मागची सगळी रांगही त्याच्या मागोमाग उजवीकडे सरकली. हे तिने केलं होतं.

आता या जगात एलीला थांबवणारी एकच गोष्ट उरली होती, आणि ती तिला माहीत होती.

मारिनेत उभी राहिली पायडलांवर. सहासष्ट वर्षांच्या पायांनी, उतारावर, जिथे कोणी पायडल मारत नाही तिथे तिने पायडल मारले. तिचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला आलं, मग त्याच्या पायाशी, मग खांद्याशी. दोन वर्षांत तिने त्याचा चेहरा चालत्या सायकलवर पहिल्यांदा पाहिला. तो शांत होता. मग तिची सावली त्याच्या नजरेच्या कडेत शिरली आणि तो चेहरा रागाने आवळला. ती पुढे निघून गेली.

"थांबा." कप्तानाचा हात उभा वर गेला. "सगळे थांबा."

ब्रेक कर्कश वाजले. रबर जळल्याचा वास आला. मारिनेत पुलाच्या तोंडाशी सायकल आडवी टाकून उतरली, आणि तिच्या पाठीत ठोकळ्याची कड टोचली, इतकं जवळ. एली तिच्यापासून दोन हातांवर थांबला. त्याच्यामागे एकामागे एक तेवीसच्या तेवीस थांबले. कोणी पडलं नाही. खाली नदीचा आवाज येत होता.

आता हे संपलं, असं तिला वाटलं. तो ठोकळा बघेल, म्हणजे बघणार नाही, पण मी हात धरीन त्याचा आणि त्याच्या हाताला दाखवीन.

एलीने हात पुढे केला, तळवा वर.

"कार्ड," तो म्हणाला.

तिला आधी कळलं नाही.

"बहिरा आहेस का? कार्ड दे. बावीस वर्षं मी पुढे आहे, सरपंचाच्या मेहुण्यानंतर माझ्या डोळ्यांदेखत मला ओलांडून जायची छाती झाली नाही कोणाची. नाव सांग."

त्याच्यासमोर एक निळा सदरा होता, क्लबाचा, सगळ्यांचा असतो तसा. वर हेल्मेट होतं. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. मारिनेतचे ओठ हलत होते आणि त्यांतून काही निघत नव्हतं.

"नाव," एली म्हणाला. आणि मग, उत्तर येत नाही असं बघून, त्याने मान मागे वळवली, जिथे ती दोन वर्षं होती त्या जागेकडे, आणि आवाज खाली आणून घरातल्यासारखं विचारलं, "मारिनेत, कोण आहे गं हा?"

कोणी हललं नाही. रुमेगूचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही येत नव्हतं. त्याने एलीकडे बघितलं, ठोकळ्यांकडे बघितलं, मग पुन्हा एलीकडे. मोंतगियारचा खांब, किल्ल्याखालची वाइन, दोन वर्षांची टकळी, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. त्याने हळूच हेल्मेट काढलं.

एलीचा हात अजून पुढेच होता. तो मागे घेणार नाही हे तिला माहीत होतं, नियम नियम होता. मारिनेतने खिशातून कार्ड काढलं आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्याने ते दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्यांदेखत फाडलं, आधी मधोमध, मग ते तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा. व्यवस्थित फाडलं.

"एली," रुमेगू म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "मारिनेतच आहे ती."

एलीच्या हातात तुकडे होते. त्याने समोरच्या निळ्याकडे तोंड केलं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, जसं कोपऱ्यातून काही पकडता येतं का बघावं. मग पुन्हा मागे वळला.

"मग माझ्या मागे कोण आहे?" त्याने विचारलं.